पर्णदृष्टी आणि कायमची ऑर्डर

१ ऑगस्ट १९९४, सोमवार

अर्धं वर्ष उलटलं आणि ही डायरी कोरीच. आजपासून नियमित लिहिणार. फक्त स्वतःसाठी. दुसऱ्याला दाखवायची तर दुसरा त्या लायकीचा हवा.

परिस्थिती अशी. मी महिपत टिपणीस, काँप्युटरचा लेक्चरर, ठाकुर्लीजवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात. सहा वर्षं झाली, अजून टेंपररी. दर एप्रिलला ऑर्डर संपते. जूनमध्ये नवी मिळते की नाही या धास्तीने जया मे महिनाभर धड जेवत नाही. शेजारपाजारचे विचारतात, काय, सर घरीच? ती सांगते, संशोधन चाललंय. बायकोला आपल्यामुळे खोटं बोलावं लागतं याचा संताप येतो.

आज प्रिन्सिपॉलनी बोलावलं. नोव्हेंबरात तज्ज्ञांची समिती येणार. ज्याचा प्रकल्प पास होईल तो कायम. बाकीच्यांनी एप्रिलनंतर दुसरीकडे बघावं. मी सांगितलं, सर, माझा प्रकल्प तयार आहे. म्हणजे डोक्यात तयार आहे. संशोधन डोक्यातच असतं, बाकीची नुसती हमाली.

प्रकल्प: भाताच्या पानाचं चित्र काँप्युटरमध्ये घ्यायचं, काँप्युटरने रोग सांगायचा, आणि सगळा डेटा कुलूपबंद. नाव 'पर्णदृष्टी'. ठाणे जिल्ह्यात असं डोकं दुसरं नाही.

आणि नाही जमलं तर? कोपरीला साडू बसलेलेच आहेत. दौलतराव. स्टेशनबाहेर झेरॉक्सचं दुकान. मागच्या गणपतीत सगळ्यांसमोर मला म्हणाले की आमच्याकडे या, काँप्युटरवर लग्नपत्रिका छापू. तोंडात अर्धा समोसा होता. तो समोसा अजून डोळ्यांसमोर येतो.

४ ऑगस्ट, गुरुवार

लॅबला एसी आहे म्हणून बूट-चपला बाहेर काढायची सक्ती. परिणाम: बंद खोली आणि वर्गभर मोजे. शिसारी येते. त्यावर गोदा मॅडम उदबत्ती लावतात. आता चंदनाचे मोजे.

गोदा मॅडम म्हणजे माझ्या ज्युनिअर. कॉलेजचे पगार आणि टाइमटेबल काँप्युटरवर करतात. कारकुनी. तरी त्यांचाही प्रकल्प समितीसमोर जाणार आहे म्हणे. पगाराचं सॉफ्टवेअर! विज्ञानाची ही अवस्था झाली.

मुलांना मात्र माणूस कळतो. महिपत टिपणीस म्हणून मला एम.टी. सर म्हणतात. वर्गात शिरलो की मागच्या बाकापर्यंत कुजबूज जाते, 'एम्टी आला, एम्टी आला', आणि सगळ्यांचे चेहरे खुलतात. आदर असा आतून यावा लागतो.

माझा हँड स्कॅनर आला. इस्त्रीएवढा. हातात धरून पानावरून ओढायचा. खाली काच, आत हिरवट दिवा, चित्र पडद्यावर काळं-पांढरं. रंग दिसत नाहीत. बरंच आहे. रंगाला माणूस भुलतो, मशीन भुलत नाही.

७ ऑगस्ट, रविवार

आंबिवलीला गेलेलो. गोमाजी, आमच्या कॉलेजचा शिपाई, तिकडचाच. घरचं भात आहे.

छे! चिखल गुडघ्यापर्यंत. डावी चप्पल आत गेली ती गेलीच. बांधावर खेकडा होता, माझ्याकडेच बघत होता. गोमाजी हसत होता, त्याची बायको दगडाबाई हसत होती, शेजारच्या शेतातल्या बायका कंबर सरळ करून हसायला लागल्या. माझं लक्ष पानांवर होतं, पण पानं बघायला खाली वाकावं लागतं आणि खाली चिखल.

दगडाबाईने भाकरी आणि सुकट वाढली. तीनदा घेतली. पण चिखलाचा वास नाकातून जाईना.

निश्चय: संशोधकाने शेतात जाऊ नये. निःपक्षपातीपणा जातो. गोमाजी पानं आणून देईल.

१६ ऑगस्ट, मंगळवार

गोमाजीने पानं आणली. ज्या पिशवीत डबा, त्याच पिशवीत पानं. पानांना बोंबलाचा वास. नाक दाबून स्कॅन केली.

पर्णदृष्टी म्हणाली, निरोगी. दुसरं पान, निरोगी. सगळीच निरोगी. गोमाजी खूश झाला, मशीनला हात जोडून गेला. त्याला काय कळणार? समितीसमोर 'निरोगी, निरोगी' दाखवून कोण कायम करणार? तो डॉक्टर कसला ज्याला रोग सापडत नाही?

प्रोग्रॅम कडक केला. पानावर केसाएवढी काळी रेघ दिसली तरी आता सुटणार नाही.

२ सप्टेंबर, शुक्रवार

चित्रं जमली. पुष्कळ. पहिल्या टप्प्याचं काम फत्ते.

एक शंका मात्र छळते. काल गोदा मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, प्रिंटर कधी मोकळा होईल बघत होते. प्रिंटर माझ्या डाव्या हाताला. त्या उजवीकडून बघत होत्या. मी काही लहान नाही.

५ सप्टेंबर, सोमवार

कुलूप तयार. स्वतः लिहिलं. चित्रांचा असा भुगा होतो की पासवर्डशिवाय ब्रह्मदेवालाही जुळवता येणार नाही. तीनदा पासवर्ड चुकला की त्या दिवसापुरता दरवाजा बंद.

पासवर्डमध्ये खरी मेख आहे. सगळं जग इंग्रजी शब्द ठेवतं आणि फसतं. मी अस्सल मराठी शब्द ठेवला, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला. अमेरिकन माणूस जन्मभर बसला तरी सुचायचा नाही. शब्द: ज्ञानवृक्ष.

इथे लिहून ठेवला. आता विसरायचा प्रश्नच नाही. मूळ चित्रं पुसून टाकली, म्हणजे चोरायला काही उरलंच नाही.

१२ सप्टेंबर, सोमवार

गणपतीला कोपरीला. दौलतरावांनी नवं मशीन घेतलंय. मोठं करतं, लहान करतं. मला बळेच नेऊन दाखवलं. माझ्या पासपोर्ट साइझ फोटोचं भिंतीएवढं झेरॉक्स काढलं आणि पाहुण्यांत फिरवलं. नाकाची छिद्रं केवढी दिसत होती! मेव्हणी म्हणाली, भावजी, तुम्ही आलात तर ह्यांना आराम होईल. मोदक ताटात परत ठेवला. जया ताट उचलून आत गेली.

एकदा कायम झालो की या घरात पाऊल ठेवणार नाही. ठेवलं तरी बसणार नाही.

२१ सप्टेंबर, बुधवार

कुलूप उघडलं नाही.

शब्द बरोबर आहे, डायरीत पुन्हा बघितला. ज्ञानवृक्ष. प्रश्न इंग्रजीचा आहे. ती भाषाच अर्धवट, ज्ञ लिहायची सोय नाही. डी-एन-वाय लावून पाहिलं. नाही. जे-एन लावलं, शास्त्रशुद्ध. नाही. जी-वाय हे हिंदीवाल्यांचं, मी मेलो तरी तसं लिहिणार नाही. तरी लावून पाहिलं. दरवाजा बंद.

उद्या शांत डोक्याने.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

ज्ञ डी-एन-वाय हेच बरोबर, याबद्दल आता शंका नाही. पण वृक्षातला ऋ? आर-यू की आर-आय? शाळेत आर-यू शिकवलेलं. आणि क्ष? के-एस-एच की एक्स? आणि शेवटी ए आहे की नाही? मराठी माणूस 'वृक्ष' म्हणतो तेव्हा शेवटी थोडासा अ असतो. तो मी त्या दिवशी ऐकलेला की नाही ते आठवत नाही.

जयाला विचारलं, ज्ञानवृक्ष इंग्रजीत कसा लिहिशील? म्हणाली, कशाला लिहायचा?

२६ सप्टेंबर, सोमवार

सुरतेला प्लेग. स्टेशनवर सगळे तोंडाला रुमाल बांधून. मुलं वर्गात रुमाल बांधून बसली, हजेरीला कोण कोणाच्या नावाने 'येस सर' म्हणतं कळायला मार्ग नाही. गोदा मॅडमनी लॅबभर फिनेल ओतलं. आता चंदन, मोजे आणि फिनेल.

आज आर-आय आणि ए. नाही.

५ ऑक्टोबर, बुधवार

ऋ, क्ष, ज्ञ, शेवटचा अ, कॅपिटल, स्मॉल. यांच्या जोड्या लावता लावता डोकं भंजाळलं. काल तर वैतागून मी थेट 'ट्री ऑफ नॉलेज' टाइप केलं. तेही नाही. माझ्या मराठी बाण्याला साजेसंच.

वेगळ्या बाजूने बघितलं तर हे यशच आहे. ज्याने कुलूप केलं त्यालाही ते फुटत नाही म्हणजे काय दर्जाचं कुलूप! सुरक्षिततेचा भाग सिद्ध झाला. चित्रं काय, पुन्हा घेता येतात.

गोमाजीला पानं आणायला सांगितलं. म्हणाला, सायेब, पानं पिवळी झाली, आता कापणी हाय, मी रजेवर चाललू. मी म्हटलं, देशाचं संशोधन थांबलंय. तो म्हणाला, देशाला सांगा कापणी हाय. उद्धटपणा वाढत चाललाय.

१३ ऑक्टोबर, गुरुवार. खंडेनवमी

लॅबमध्ये मशीनपूजा. लोहाराने हातोडा पुजावा हे समजू शकतो, पण काँप्युटर? एकविसावं शतक दारात उभं आणि आम्ही मॉनिटरला झेंडूची माळ घालतो. गोमाजी खास रजेतून आलेला. कीबोर्डवर अक्षता, सीपीयूवर हळद, नारळ दारात फोडला तर पाणी माझ्या मोज्यांवर. प्रिन्सिपॉल डोळे मिटून उभे. वीट आला.

माझा या थोतांडावर काडीचा विश्वास नाही. तरी सगळे आपापल्या मशीनला लावत होते आणि माझा स्कॅनर तेवढा कोरा राहिला असता. शिवाय कायम होण्याचा प्रश्न आहे. बोटाने ओलं कुंकू लावलं. वरच्या प्लॅस्टिकला लावून काय फायदा, खालच्या काचेला नीट लावलं, जिथून चित्र आत जातं. नमस्कार केला. कोणी बघितलं नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार

समितीला महिना राहिला आणि पानं नाहीत. आंबिवलीला जाणं शक्य नाही, दुसरी चप्पलजोडी नवी आहे.

सकाळी गॅलरीत चहा पीत बसलेलो आणि सुचलं. जयाच्या कुंडीत गवती चहा माजलाय. लांब, अरुंद, हिरवं पान, धारदार कडा. भात तरी काय आहे? गवतच. हेही गवतच. जे एका गवताला लागू ते दुसऱ्या गवताला लागू. कात्रीने जुडी कापली, वर्तमानपत्रात गुंडाळली.

बोंबलाचा वास नाही, चिखल नाही. पहिल्यांदाच काम करताना प्रसन्न वाटलं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी

डबा न खाता लिहितोय.

पहिलंच पान स्कॅन केलं, पर्णदृष्टी म्हणाली, कडाकरपा, तीव्र. दुसरं पान, कडाकरपा, तीव्र. एकही पान सुटलं नाही. चित्रात स्पष्ट दिसतं: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळ्या रेघा. इतक्या सरळ की पट्टीने आखल्यासारख्या. प्रत्येक पानावर त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर. इतका शिस्तीचा रोग जगात कुठे नोंदलेला नसणार.

नुसत्या डोळ्यांना पान स्वच्छ दिसतं! याचा अर्थ रोग आत आहे आणि माणसाला दिसायच्या आधी मशीनला दिसतोय. मला हेच सिद्ध करायचं होतं. म्हणजे आता म्हणता येईल की हेच करायचं होतं.

२४ ऑक्टोबर, सोमवार

आमच्या डोंबिवलीच्या साप्ताहिकात बातमी आली. संपादक प्लेगच्या बातम्या संपल्यामुळे रिकामेच बसलेले. 'आंबिवलीत भातावर करप्याचं सावट, डोंबिवलीच्या संशोधकाचा इशारा.' फोटो चांगला आलाय, फक्त मी डोळे मिटलेत.

आंबिवली मी सांगितलं कारण मूळ पानं तिथलीच होती. कुंडी म्हटलं असतं तर शास्त्रीय वाटलं नसतं.

जयाने कात्रण कापून कपाटात ठेवलं. मग विचारलं, अहो, कुंडीतला गवती चहा कोण नेतंय? मी म्हटलं, चोर फार झालेत.

२६ ऑक्टोबर, बुधवार

गोमाजी रजेवरून आला. नेहमी आधी हसतो, आज नाही. साप्ताहिक घडी करून खिशात घातलेलं. गावात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे त्यालाच विचारतायत, कारण कॉलेजचा माणूस तोच. भात चांगलं आलं, झोडून घरात आणलं, आणि आता व्यापारी म्हणतो, रोगट भात आहे ना तुमचं, पेपरात आलंय.

मी समजावलं की रोग सुप्त असतो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सायेब, तुम्ही माझ्या शेताला रोग लावला. बघितलंत पन नाय, आन लावलात."

चहा टेबलावर न ठेवता खिडकीत ठेवून गेला. विज्ञानाची वाट अशीच एकट्याची असते. चहा गार झालेला, वर साय आलेली. साय बघून चहा बेसिनमध्ये ओतला.

४ नोव्हेंबर, शुक्रवार. पाडवा

कोपरीला फराळ. दौलतरावांनी बातमी वाचलेली. म्हणाले, शंभर प्रती काढून देतो, फुकट. मी म्हटलं, नको. तरी काढल्या. सगळ्यांत मी डोळे मिटलेला.

संध्याकाळी जयाने ओवाळलं. तबक खाली ठेवून म्हणाली, येत्या मे महिन्यात शेजाऱ्यांना खोटं सांगणार नाही, ताठ मानेने राहीन. मी म्हटलं, राहशील. चिवडा तिखट होता, दोनदा पाणी प्यालो.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी

समिती आली. तिघं. लॅबबाहेर बूट काढले, दोघांचे मोजे फाटके. अशांच्या हातात आपलं भवितव्य.

मी झकास सुरुवात केली. पान उचललं, स्कॅनर ओढला, पडद्यावर रेघा. कडाकरपा, तीव्र. समितीतले म्हातारे कृषितज्ज्ञ, उभा जन्म भातात गेलेला माणूस, त्यांनी पान मागितलं. मोडलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं आणि शेजारच्यांना हुंगायला दिलं. त्यांनी डोळे मिटून हुंगलं. मग विचारलं, हे पान कुठल्या शेतातलं? मी म्हटलं, डोंबिवली पूर्व.

म्हाताऱ्यांनी फाईलमधला कोरा कागद काढून टेबलावर ठेवला आणि स्कॅन करायला सांगितला. केला. कडाकरपा, तीव्र. मी खुलासा केला की कागद शेवटी झाडापासूनच होतो. मग त्यांनी स्वतःचा तळहात ठेवला. कडाकरपा, तीव्र. त्यांनी स्कॅनर उलटा केला, काचेवरून बोट फिरवलं आणि ते लाल बोट माझ्यासमोर धरलं. प्रिन्सिपॉल खिडकीबाहेर बघायला लागले.

"टिपणीस," म्हातारे अगदी हळू म्हणाले, "यात भात कुठे आहे?"

मी म्हटलं, भात कुलपात आहे. जुनी सगळी चित्रं, अस्सल, आंबिवलीची. मग दाखवा म्हणाले. मी तीन प्रयत्न केले. घाम एवढा आलेला की कीबोर्डवरून बोटं निसटत होती. दरवाजा बंद. मी शब्द सांगितल्यावर समितीतल्या काँप्युटरवाल्यांनी मशीनची तारीख पुढे ढकलून, म्हणजे दरवाजा पुन्हा खुला करून, बराच वेळ खटपट केली. मधेच प्रिन्सिपॉलनीही हात मारून घेतला, त्यांचा ज्ञ तर माझ्याहून वाईट. उघडलं नाही. काँप्युटरवाल्यांनी मान डोलावली. मला वाटतं, कौतुकाने.

घरी जया दारातच उभी होती. काय झालं, विचारलं. मी म्हटलं, प्रभाव पडला. खोटं नाही. पडलाच.

१९ नोव्हेंबर, शनिवार

शांतपणे विचार केल्यावर परिस्थिती तितकी वाईट वाटत नाही. मशीनने रोग शोधला. कुंकू हा काचेचा रोग. म्हणजे निदान बरोबर, फक्त रोगी बदलला. हा मुद्दा प्रिन्सिपॉलना पत्राने कळवणार.

२३ नोव्हेंबर, बुधवार

पत्र लिहिलं नाही. मुलांनी फळ्यावर तळहात काढलेला, खाली 'तीव्र'. वर्ग न घेता परत आलो. गोमाजी फळा पुसायला गेला. पुसताना त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हसला असता तर बरं झालं असतं.

१२ डिसेंबर, सोमवार

निकाल. गोदा मॅडमचा प्रकल्प पास. पगाराचं सॉफ्टवेअर! त्या कायम. लॅबही त्यांच्याकडे. ओकारी यावी असा दिवस.

मग मला आत बोलावलं. राजीनाम्याची वाक्यं पाठ करून गेलेलो, पहिलं वाक्य इंग्रजीत. प्रिन्सिपॉलनी बोलूच दिलं नाही.

"तुमच्या कुलपाला मात्र समितीने दाद दिली, टिपणीस," ते म्हणाले. "मालकालासुद्धा उघडत नाही म्हणाले. आपल्या स्टोअरला असाच माणूस हवाय. मागच्या स्टोअरकीपरने खडूपासून पंख्यापर्यंत सगळं बाहेर जाऊ दिलं. जागा कायमची आहे."

स्टोअर! मला, ज्याने पर्णदृष्टी घडवली! डस्टर आणि फिनेलच्या बाटल्यांवर बसवणार! मी म्हटलं, विचार करून सांगतो. मनात ठरवलं, सांगायचंसुद्धा नाही, उद्या राजीनामा तोंडावर फेकायचा. कोपरीचं झेरॉक्स परवडलं.

घरी आलो. जयाला म्हटलं, एक जागा देतायत, पण. तिने एवढंच विचारलं, "कायम?" मी म्हटलं, हो, पण. तो 'पण' तिने ऐकलाच नाही. पाटावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. सहा वर्षांचं एकदम. मी उभाच होतो. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही ते कळेना, मग ठेवला.

राजीनामा परवा.

२ जानेवारी १९९५, सोमवार

रुजू झालो. तळमजला, जिन्याखालची खोली. खिडकी नाही. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास, कोपऱ्यात मेलेली पाल. ती मीच उचलली, कागदाने.

सकाळी जयाने माहेरी फोन केला. हे कायम झाले, म्हणाली. कशावर, ते तिने सांगितलं नाही आणि तिकडून कोणी विचारलं नाही. तिचा आवाज असा होता की मी बाथरूममध्ये उगाच नळ सोडून उभा राहिलो.

दिवसभर राग येईल असं धरून चाललेलो. वाट बघितली. दुपारी आतून कडी लावून डबा खाल्ला. वरच्या जिन्यावरून मुलं धावत गेली. कोणी हाक मारली नाही. मला काही सिद्ध करायचं नव्हतं. बरं वाटलं. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि ते कळलं तेव्हा स्वतःचीच किळस आली.

चारच्या सुमाराला गोदा मॅडम आल्या. खडू हवेत म्हणाल्या. पांढरे की रंगीत, मी विचारलं. पांढरे, म्हणाल्या.

दिले.